गोडाऊनमध्ये १० मीटरची रेंज करायचीय? आधी दरवाजा कुठं आहे ते बघा

औसा तालुक्यातल्या एका भावानं विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा. रोडलगत स्वतःच्या शेतात ६० बाय २५ फुटाचं पत्र्याचं गोडाऊन आहे, पूर्वी त्यात सोयाबीन ठेवायचे, आता रिकामंच पडलंय. मुलगी १४ वर्षांची, शाळेकडून एअर रायफल खेळून जिल्ह्याला दुसरी आली, पण रोज सरावाला लातूरला नेणं-आणणं काही जमेना. तर त्या गोडाऊनमध्ये रेंज होईल का, कायद्यात बसतं का, आणि पुढंमागं मागच्या शेतात पॉइंट टू-टू ची (.२२ बोअरची, काडतूस लागणारी रायफल) ५० मीटरची रेंजपण काढता येईल का.

१० मीटरची होईल, चांगली होईल. ५० मीटरचं सध्या डोक्यातून काढून टाका, का ते खाली सांगतो.

मी गेली वीस-बावीस वर्षं हेच करायलोय, आधी स्वतः खेळलो, मग लेकरं शिकवायला लागलो, दोन रेंज स्वतःच्या हातानं उभ्या केल्या. त्यातली पहिली साफ चुकली होती, म्हणून हे सगळं सांगायचा अधिकार आहे असं समजा. पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणलं, कोल्हापूरकडच्या कांबळवाडीसारख्या गावातलं पोरगं, तेव्हापासून असले फोन वाढलेत. प्रत्येकजण पहिल्यांदा बंदूक कोणती घेऊ हेच विचारतो. छर्रा कुठं जाऊन थांबणार हे आजपर्यंत मला दोघांनीच विचारलंय, आणि त्यातला एक गवंडी होता.

आधी कायद्याचं बघू, कारण त्यावरच लई गैरसमज आहेत. आपल्याकडं आर्म्स ॲक्ट १९५९ चा आणि त्याखालचे नियम २०१६ चे. ४.५ मिमी बोअरची (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप), म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन, आणि २० जूलच्या आत ताकद असलेली एअर रायफल किंवा एअर पिस्तूल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही. मॅचमधली एअर रायफल साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरनं सोडते, हिशोब केला तर साडेसात-आठ जूल होतात, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून खाली. त्यामुळं स्वतःच्या लेकीनं स्वतःच्या बंदिस्त जागेत सराव करायला कुठला परवाना घेऊन बसायची गरज नाही. बाजारात ५.५ मिमी बोअरच्या दणकट एअरगन दाखवतात, "सर ही जास्त पॉवरफुल" म्हणून, तिकडं वळूच नका. स्पर्धेत ४.५ शिवाय काही चालत नाही, उगं कशाला भानगड.

पण परवाना लागत नाही म्हणजे जबाबदारीपण नाही असं कोणी समजू नये. निष्काळजीपणानं दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहेच, तिथं तुमची बंदूक परवान्याची होती का बिनपरवान्याची ते कोणी विचारत नाही. म्हणून माझं ऐका, काम सुरू करायच्या आधी पोलीस ठाण्यात एक साधा अर्ज द्या. आमच्या गट नंबर अमुकमधल्या गोडाऊनमध्ये मुलीच्या सरावासाठी १० मीटर एअर रायफलची बंदिस्त रेंज करत आहोत, सोबत बंदुकीच्या बिलाची झेरॉक्स, जागेचा नकाशा, बस. पोहोच घ्या आणि ती फाइलला लावा. बीट अंमलदाराला एकदा बोलवून चहा पाजून रेंज दाखवा, पोलीस पाटलालापण दाखवा. हे कायद्यात लिहिलंय म्हणून सांगत नाही, गावात राहायचंय म्हणून सांगतोय. उद्या कोणी "त्यांच्या शेतातनं फायरिंगचा आवाज येतो" म्हणून फोन केला तर ठाण्यात तुमचा कागद आधीच असला पाहिजे. बीड जिल्ह्यात २०२५ मध्ये परवान्यांची छाननी झाली, बरेच परवाने रद्दपण झाले, तेव्हापासून आपल्याकडं बंदूक हा शब्द जरी काढला तरी लोकांचे कान टवकारतात. त्यात निवडणुकीच्या आणि सणावारांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्या दिवसांत एअर रायफल घेऊन मोटरसायकलवरनं फिरू नका, बंद केसमध्ये, खेळाडूचं ओळखपत्र आणि स्पर्धेचं पत्र सोबत ठेवूनच न्या. लांबनं बघणाऱ्याला ती एअर रायफल आहे का काय हे कळत नसतं.

जमिनीचं. घरच्या माणसापुरता सराव असेल तर आहे त्या गोडाऊनचा वापर फार काही बदलत नाही. पण बाहेरची पोरं घेऊन फी घ्यायला लागलात की तो धंदा झाला, मग सातबारा शेतीचा असेल तर एनए (बिगरशेती परवानगी), ग्रामपंचायतीचा ठराव, हे सगळं येतं. त्याचे नियम मधनंमधनं बदलत असतात, तलाठ्याच्या तोंडी सांगण्यावर राहू नका, तहसीलमध्ये लेखी विचारा.

आता ५० मीटरचं. पॉइंट टू-टू ही खरी अग्निशस्त्रात येते, परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडनं, २१ वर्षांच्या आत स्वतःच्या नावावर बंदूक मिळत नाही, आणि क्लब किंवा रेंज म्हणून शस्त्रं आणि काडतुसं ठेवायची तर त्याचा परवाना वेगळा. एकवेळ कागदं होतील, खरी अडचण आपल्या रानाची आहे. टू-टू ची गोळी मोकळ्या रानात दीड किलोमीटरच्या पुढं जाते. आपला भाग सपाट, मध्ये ना डोंगर ना काही, आणि ज्वारी कमरेच्या वर गेली की आत कोण खुरपायलंय ते दिसत नाही. बांधाला टार्गेट लावून मारू म्हणणारे भेटतात, त्या बांधात दगड किती असतात ते शेतकऱ्याला मी सांगायची गरज आहे का? दगडाला लागलेली गोळी कुठं जाईल ते ब्रह्मदेवालापण सांगता येत नाही. ५० मीटरला उंच मातीचा बंधारा, वर आडवे बॅफल (उंच गेलेली गोळी अडवणारे अडथळे), बाजूच्या भिंती, असं सगळं लागतं आणि कोणी जाणकारानं जागेवर येऊन पास करावं लागतं. पोरगी त्या लेव्हलला गेली की पुण्याला बालेवाडी आहे, मुंबईला वरळी आहे, तिथं जाऊन महिन्यातनं चार दिवस मारेल. तोपर्यंत १० मीटर भरपूर आहे. अभिनव बिंद्रानं २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये गोल्ड मारलं ते १० मीटर एअर रायफललाच, आणि त्याच्या घरच्यांनी पंजाबात आपल्या घरच्या जागेतच त्याला रेंज करून दिली होती. तेव्हा तुमची कल्पना काही जगावेगळी नाही.

एअर रायफल घेऊन रानडुक्कर, वानर, हरीण हाकलायचा विचारसुद्धा करू नका. गावातले दोघेतिघे येऊन म्हणतीलच, "बंदूक आलीच आहे तर जरा डुकरांकडं बघा की". वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, मोर, हरीण, ससा कशालाही छर्रा लागला तर वनखातं सोडत नाही, आणि पोरीचं करिअर राहील बाजूला.

आता मापं. १० मीटर म्हणजे फायरिंग लाईनपासून टार्गेटच्या कागदापर्यंत १० मीटर, भिंतीपर्यंत नाही, हे लोक चुकतात. फुटात ३२ फूट पावणेदहा इंच. स्टीलच्या टेपनं मोजा, कापडी टेप ताणला जातो, ५ सेंटीमीटरच्या वर फरक नियमात चालत नाही. टार्गेटच्या मागं ट्रॅपला (छर्रे अडवून गोळा करणारा लोखंडी डबा) आणि भिंतीला तीन-साडेतीन फूट धरा, लाईनच्या मागं उभं राहायला, खुर्ची, बॅग, कोच यांना आठ-दहा फूट. एकूण ४६ फुटाच्या आसपास. तुमचं ६० फूट आहे म्हणजे मागं एक छोटी बंद खोली काढता येईल, बंदुका आणि कपडे ठेवायला. रुंदी २५ फूट, म्हणजे ७.६ मीटर. एका लेनला, म्हणजे एका खेळाडूच्या पट्ट्याला, नियमानं कमीत कमी १ मीटर लागतो पण मी सव्वा मीटर देतो, जॅकेट घातलेली दोन लेकरं शेजारी उभी राहिली की एकमेकांच्या कोपराला लागतात. पाच लेन बसवा आणि एका बाजूला जायला वाट सोडा, सहावी लेन काढायचा मोह होईल, काढू नका. टार्गेटचा मधला ठिपका, ज्या फरशीवर खेळाडू उभा राहतो तिथनं १.४० मीटर उंच, कमीजास्त ५ सेंटीमीटर. पुढचं टेबल ७० ते ८० सेंटीमीटर. दोन्ही टोकांच्या फरशीची पातळी पाण्याच्या नळीनं बघा, गोडाऊनला पाणी निघून जायला उतार दिलेला असतो बऱ्याचदा, तिथंच घात होतो.

मी जिथं चुकलो ते आता सांगतो. माझी पहिली रेंज अशाच एका भाड्याच्या शेडमध्ये होती, मागं शटर आणि टार्गेटच्या बाजूला एक छोटा दरवाजा. तो दरवाजा मी बंद ठेवायचो, आतनं कडी, झालं काम असं वाटलं. एक दिवस झाडलोट करणाऱ्या मावशीनं कचरा टाकायला तो उघडला, कडी लावायची राहिली. दुपारी चार पोरं लाईनवर, मारणं चालू, आणि बाहेर क्रिकेट खेळणारं सात-आठ वर्षांचं लेकरू बॉल शोधत शोधत त्या दरवाजातनं आत आलं, टार्गेटच्या पुढं. लाईनवरच्या एका पोरीनं ते पाहिलं आणि "स्टॉप" म्हणून ओरडली, माझ्याआधी तीच ओरडली, मी रजिस्टर लिहीत बसलो होतो. कोणालाच काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही आणि दुसऱ्या दिवशी गवंडी बोलवून तो दरवाजा विटांनी बुजवला. घरमालक चिडला, त्याला म्हटलं भाडं जास्त घ्या पण दरवाजा राहणार नाही.

म्हणून, फायरिंग लाईनच्या पुढं एकही दरवाजा, खिडकी, झडप उघडणारी नको. कडी नको, कुलूप नको, बुजवूनच टाका. हवेसाठी झरोके पाहिजेत तर दहा फुटाच्या वर आणि जाळी. येण्याजाण्याचा रस्ता फक्त खेळाडूच्या पाठीमागनं. दारावर लाल बल्ब, मारणं चालू असताना पेटलेला. लोक हे मला खर्चाचं म्हणून शेवटी विचारतात, माझ्याकडं याचा नंबर पहिला.

भिंत. नुसत्या पत्र्यावर विसंबू नका. टार्गेटच्या मागं पूर्ण रुंदीची नऊ इंची विटांची भिंत, आठ फूट तरी उंच, आणि तिला समोरनं प्लाय. उघडा गिलावा किंवा दगड समोर ठेवू नका, छर्रा चपटा होऊन उडतो. आपल्याकडं काहीजण जुन्या वाड्यात, माळवदाच्या घरात रेंज करायचं म्हणतात, उन्हाळ्यात लई गार असतं ते आणि भिंती दोन-दोन हात जाड, कल्पना चांगली आहे पण दगड झाकावाच लागतो. लाईनच्या थोडं पुढं छताखाली एक आडवा फळ्यांचा पट्टा लावा, नवशिक्याचा ट्रिगर कधी नळी वर असताना दबला तर पत्र्याला भोक पडण्याऐवजी तो छर्रा फळीत जाईल. साखर कारखान्याच्या भंगारात जुना कन्व्हेयर बेल्ट मिळतो तो बरेच जण लावतात, चालतो, पण सैल लोंबता सोडा. ताणून बांधला तर रबर छर्रा परत पाठवतं. त्यापेक्षा घरातली जुनी जाड सतरंजी लोंबती सोडलेली बरी.

ट्रॅप गावातला वेल्डिंगवाला करून देईल. ३ किंवा ४ मिमीची एमएस (साध्या लोखंडाची) शीट, ४५ अंशात तिरकी, वरची कड खेळाडूकडं झुकलेली म्हणजे छर्रा आपटून खाली ट्रेमध्ये पडतो. उभी सपाट शीट लावली तर छर्ऱ्याचे तुकडे सरळ परत येतात, एकदा माझ्या ट्यूबलाईटचा बळी गेलाय त्यात. नवशिक्याचे फटके ट्रॅपच्या बाहेर जातात म्हणून भोवतीनं दोन-दोन फूट प्लाय पाहिजे, तो दर वर्षी बदलायचा. छर्रे शिशाचेच, पुढनं सपाट तोंडाचे. टोकदार, स्टीलच्या गोळ्या, तांब्याचा मुलामा दिलेले बीबी, यातलं काही रेंजमध्ये आत येऊ द्यायचं नाही, ते हमखास परत उडतात. पावसाळ्यात ट्रॅपमध्ये गांधीलमाश्या घर करतात, हात घालायच्या आधी बघत जा, अनुभव आहे.

शिशाबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून मीच बोलतो. पाच लेकरं रोज शंभर-शंभर छर्रे मारतील, वर्षातले तीनशे दिवस, म्हणजे दीड लाख छर्रे. एक ०.५३ ग्रॅमचा धरला तर वर्षाला ऐंशी किलोच्या आसपास शिसं तुमच्या ट्रेमध्ये आणि थोडं हवेत, थोडं फरशीवर. वाढत्या वयाच्या लेकरांना शिसं वाईट, मेंदूवर परिणाम करतं, हे काही मी डॉक्टर म्हणून सांगत नाही, जगात सगळे मान्य करतात. म्हणून रेंजमध्ये खाणं-पिणं नाही, छर्रा तोंडात धरायची सवय असते काहींना ती पहिल्या दिवशी मोडायची, सराव संपला की साबणानं हात, मगच डबा. आणि केरसुणी फिरवायची नाही! कोरडं झाडलं की सगळी धूळ नाकात. ओल्या फडक्यानं पुसायचं, ते पाणी जनावराच्या हौदाजवळ ओतायचं नाही. साठलेलं शिसं डब्यात बंद करून भंगारवाल्याला विका, पैसे येतात त्याचे.

फरशीला आपल्याकडं जास्त लक्ष द्यावं लागतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर थेट पीसीसी (साधं काँक्रीट) ओतलं की दोन वर्षांत फरशी हलते, आणि टार्गेटची भिंत एकीकडं, लाईन दुसरीकडं. रायफलच्या टार्गेटचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, अर्धा! पूर्ण काळं वर्तुळ साडेतीस मिमीचं. पोरगी एका जागी उभी राहून श्वास रोखून मारायली आणि शेजारी कोणी चाललं की फरशी दणदणायली, तर तिचा काय दोष. गोडाऊन जुनं आहे, फरशी एकदोन पावसाळे बघून बसलेली असेल तर नशीब, भेगा नसतील तर तशीच ठेवा. नवीन करायची असेल तर काळी माती दोन-तीन फूट काढून मुरूम भरा, थर देऊन, पाणी मारून, रोलर फिरवून. टार्गेटमागच्या भिंतीलापण तसाच पाया द्या. लाईनवर टाइल्स नकोत, पाय सरकतो, खरखरीत सिमेंटच बरं.

उजेड. टार्गेटवर कमीत कमी १५०० लक्स (उजेडाचं माप), बाकी हॉलमध्ये ५००. मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं, अगदी अचूक नसतं पण अंदाज येतो. लाईट टार्गेटच्या पुढनं, वरनं, झाकलेले, खेळाडूच्या डोळ्यात येता कामा नयेत, आणि कागदावर सावली नको. स्वस्त एलईडी लुकलुकतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यातनं बघा, पट्टे दिसले तर तो परत करा. टार्गेटच्या मागची भिंत फिकट, बिनचमकीची, पांढरट रंगाची. आणि लाईट शेतीपंपाच्या लाईनवरनं घेऊ नका, ती बऱ्याच ठिकाणी एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, तुमची पोरगी काय रात्री दोनला सराव करणार का. गोडाऊनचं वेगळं कनेक्शन असेलच, टार्गेटचे लाईट तेवढे इन्व्हर्टरवर टाका.

उन्हाळा हा मोठा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४२-४३, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि रायफलचं जॅकेट म्हणजे कॅनव्हास आणि चामड्याचं चिलखत, आत घामाच्या धारा लागतात. पत्र्यावर चुना मारा, वर उसाचं पाचट किंवा कडबा अंथरला तर लईच फरक पडतो (पण विस्तवाचा विचार करून), खाली फॉल्स सीलिंग. कूलर लावला तर हवेचा झोत लाईनवरनं आडवा नको, कागद हलतो, डोळे कोरडे पडतात. मी तर मे महिन्यात पहाटे पाच ते आठ एवढंच ठेवतो, नंतर कुलूप. गोडाऊनला पारवे असतील तर जाळी मारा, नाहीतर सगळं सामान खराब करतात.

बंदूक आणि हवा. सुरुवातीला भारतीय बनावटीची बरी पीप साईटची (बारीक भोकातनं नेम धरायची) रायफल पुरे, जर्मन रायफल लाखांच्या घरात जाते, ती राज्याला पात्र झाल्यावर बघू. शाळेच्या स्पर्धेत ओपन साईट (उघड्या खाचेतनं नेम) आणि पीप साईट वेगळे असतात, लेक कशात खेळते ते विचारून घ्या. मॅचच्या रायफलला हवेचा छोटा सिलिंडर असतो, त्यात हवा २०० बारच्या दाबाला भरतात, सिलिंडरवर तारीख असते, दहा वर्षांनंतर तो सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरीपण वापरू नये. आणि हे नीट वाचा. हवा संपली म्हणून वेल्डिंगवाल्याकडचा किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन भरायचा नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. आतल्या तेला-ग्रीसशी जास्त दाबाचा ऑक्सिजन भेटला की स्फोट होतो. कोरडी साधी हवा, हातपंप किंवा स्कूबा कंप्रेसर, एवढंच. सिलिंडर उन्हात गाडीत ठेवू नका.

टार्गेट सुरुवातीला कागदाचेच. दोरी-पुलीचा कॅरिअर करून घ्या, हँडल फिरवलं की कागद जवळ येतो, म्हणजे कोणाला लाईन ओलांडावी लागत नाही. हे सुरक्षेसाठीपण चांगलं. इलेक्ट्रॉनिक टार्गेट छान असतात, स्क्रीनवर दशांशात मार्क दिसतात, पण एका लेनच्या त्या पैशात तुमची भिंत, फरशी, उजेड तिन्ही होतात. मी पालकांना स्पष्ट सांगतो, आधी न दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च करा. पाहुण्यांना दाखवायला स्क्रीन नंतर.

शिस्तीचे नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा. नळी कायम टार्गेटकडं. "लोड" म्हटल्याशिवाय छर्रा आत नाही. "स्टॉप" कोणीही ओरडू शकतो, सात वर्षांच्या पोरानं म्हटलं तरी सगळे थांबणार, वाद नंतर. मारणं संपलं की नळीतनं आरपार जाईल एवढी भडक रंगाची दोरी घालायची, सेफ्टी फ्लॅग म्हणतात त्याला, आम्ही गवत कापायच्या मशीनची केशरी नायलॉन दोरी वापरतो, मीटरवर मिळते. बंदूक कपाटात कुलपात, छर्रे दुसऱ्या कपाटात, चाव्या दोन आणि दोन्ही मोठ्या माणसांकडं. मुलगी गुणी असेल तरी चावी तिच्याकडं नको, कारण ती एकटी येत नाही, मैत्रिणी येतात, भाऊ येतात, मामाचा मुलगा येतो. आपल्याकडं सगळ्यांनी पहिली बंदूक नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत नाहीतर गावच्या जत्रेत फुगे फोडायला धरलेली असते, त्यामुळं एअर रायफल म्हणजे खेळणं असंच डोक्यात बसलंय. "एक राउंड मारू द्या की" म्हणणारे पाहुणे दिवाळीत येतील. नाही म्हणायला आत्तापासून शिका, सरपंच असले तरी. दहा मीटरवरनं डोळ्याला लागलेला छर्रा डोळा घालवतो. चष्मे सगळ्यांना, बघणाऱ्यांनापण. रोज कोण आलं, किती मारले, कोणी कुलूप लावलं, ही वही ठेवा. कोपऱ्यात एक कॅमेरा.

आवाजाची काळजी नको. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा असते, शेतातल्या बंद शेडमधल्या एअर रायफलचा आवाज बांधापर्यंतसुद्धा नीट जात नाही. कंप्रेसर मात्र बोंबलतो, तो दुपारी चालवा.

पुढं चार लेकरं आणखी आली आणि क्लब करावा वाटलं, तर संस्था नोंदणी करा आणि जिल्हा रायफल असोसिएशनशी जोडून घ्या, त्याच्यावर राज्याची संघटना, तिच्यावर दिल्लीची नॅशनल रायफल असोसिएशन, १९५१ ची. ही साखळी धरली नाही तर लेकरू घरी कितीही मारत असलं तरी राज्य स्पर्धा, मावळणकर स्पर्धा, नॅशनल या पायऱ्या चढता येत नाहीत, आणि सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाला लागणारी प्रमाणपत्रंपण तिथूनच येतात. पालकांना तेच हवं असतं, खोटं कशाला बोला. आणि क्लब झाला की विमा काढा. पण हे सगळं दोन वर्षांनंतर, आधी एकटीसाठी एक लेन नीट करा, बाकीच्या चार लेनचं नुसतं माप टाकून ठेवा.

आता तुम्ही एवढं करा, गोडाऊन रिकामं करून चारही भिंतींचे आतनं फोटो काढा, फरशीचा एक जवळून फोटो काढा भेगा दिसतील असा, आणि कुठल्या भिंतीला किती दरवाजे, ते आत उघडतात का बाहेर, हे कागदावर काढून पाठवा. कुठल्या टोकाला टार्गेट लावायचं ते मी त्याच्यावरनं सांगतो, तोपर्यंत बंदुकीच्या दुकानात जाऊ नका.